घरशाळा : तीन मुलं, तीन इयत्ता आणि मधल्याचं राहून गेलेलं गणित

पेठेतली_आई

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. तीन मुलं. थोरली अकरा वर्षांची, सहावीची पुस्तकं करते. मधला आठचा, तिसरी. धाकटी सहाची, यंदा पहिली. तिघंही घरीच शिकतात. थोरली दुसरीपर्यंत शाळेत होती. वर्गात साठ मुलं, आणि त्या वर्षभरात ती तिथं जवळजवळ एक शब्द बोलली नाही. घरी आली की मात्र झोपेपर्यंत तोंड मिटत नसे. तो सगळा इतिहास इथं उगाळत नाही. या गोष्टीला चार वर्षं झाली. निर्णय आम्हा दोघांचा होता आणि अजून तोच आहे.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. गेल्या शनिवारी मधल्याला घेऊन कपिलतीर्थ मार्केटला गेले होते. भाजीचे ३७ रुपये झाले. मी पन्नासाची नोट आणि वर दोनचं नाणं दिलं. मावशींनी पंधरा रुपये परत केले. हा पठ्ठ्या त्यांना म्हणतो, "मावशी, दहा कमी दिले. पंचवीस पायजेत." मावशी हसल्या, मी पण हसले. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातून ते जाईना. पाटीवर ५२ वजा ३७ लिहून दिलं. त्यानं शांतपणे खाली २५ लिहिलं. विचारलं कसं केलंस, तर म्हणाला, "सातातनं दोन गेले पाच, पाचातनं तीन गेले दोन." मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा, मग तो वर असो की खाली.

रात्री त्याच्या वह्या काढून बसले. जानेवारीपासून हाच प्रकार आहे. जिथं हातचा लागत नाही ती सगळी गणितं बरोबर, जिथं लागतो ती सगळी चूक. आणि त्यावर माझ्याच लाल पेनच्या खुणा. मी पानाकडे बघत होते, गणिताकडे नाही. कारण त्या वेळी एका बाजूला धाकटी काना-मात्रा धरून माझा पदर ओढत होती आणि दुसऱ्या बाजूला थोरलीचे अपूर्णांक अडले होते. हा मात्र कधी काही मागत नाही. पान भरतो, वही पुढं सरकवतो आणि चेंडू घेऊन गल्लीत जातो. पाच महिने मी त्याच्याकडे बघितलंच नाही, असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

आमचा दिवस सांगते, म्हणजे कुठं चुकतंय ते तुम्हाला दिसेल. हे पहाटे गंगावेशीतल्या कट्ट्यावरून दूध आणतात आणि आठला उद्यमनगरात कामाला जातात, लेथवर. साडेआठला आम्ही चौघं सोप्यात सतरंजीवर बसतो. एक कविता, पाढे, मग आज काय करायचं ते बोलून घेतो. त्यानंतर धाकटीचं वाचन, कारण तिला थांबता येत नाही. तिचं होईस्तोवर मोठी दोघं आपापलं करतात. मग थोरलीचं गणित आणि इंग्रजी. मधल्याचा नंबर लागतो तोवर अकरा वाजलेले असतात, भाकऱ्या राहिलेल्या असतात, सासूबाईंची औषधाची वेळ झालेली असते. दुपारी दोनला परत बसतो, पण तेव्हा कुणाचंच फार लक्ष नसतं.

जे एकत्र करता येतं ते फार छान होतं, हेही सांगायला हवं. गेल्या नोव्हेंबरात किरणोत्सव धरून आम्ही तीन आठवडे काढले. अंबाबाईच्या देवळात मावळतीचे किरण वर्षातून दोनदा थेट मूर्तीपर्यंत पोचतात, नोव्हेंबरात ९, १० आणि ११ ला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. धाकटी रोज संध्याकाळी गच्चीत उभी राहायची आणि तिची सावली आम्ही खडूनं आखायचो. मधल्यानं कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२. त्यावर थोरलीनं विचारलं, दोन्हीकडे जवळपास सारखेच कसे? मग वाटीभोवती चेंडू फिरवून, बॅटरी लावून आम्ही ते शोधलं. सूर्य दक्षिणेकडे सरकत जातो, डिसेंबरच्या २१-२२ ला टोक गाठतो आणि माघारी वळतो. जाताना क्षितिजावर ज्या जागी मावळला, तितक्याच दिवसांनी परत येताना त्याच जागी मावळतो. थोरली त्या रात्री अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, "म्हणजे देऊळ बांधणाऱ्यांना हे माहीत होतं!" तो आनंद मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

पण बघा, मधल्यानं तेव्हा दिवस मोजले होते, वजाबाकी केली नव्हती. मी त्यालाच त्याचं गणित पक्कं असल्याची खूण समजले. इतिहास, परिसर, गोष्टी, गाणी एकत्र होतात. वाचन आणि गणित होत नाही. ते ज्याचं त्याला, ज्याच्या त्याच्या पायरीवर द्यावं लागतं, आणि मी एकटी आहे.

ज्यांच्या घरी दोनापेक्षा जास्त मुलं वेगवेगळ्या इयत्तांत शिकतात, त्यांनी सांगा. जे मूल त्रास देत नाही त्याच्यासाठी वेळ कसा राखून ठेवता?

इचलकरंजीकर_तिघी

ताई, वाचून पोटात कालवलं. माझ्याकडे तीन मुली, दोन जुळ्या (चौथी) आणि एक सातवीची. आमच्याकडे खाली माग चालतात, त्यामुळे मोठ्यानं वाचायचं तर गच्चीत जावं लागतं. माझ्या जुळ्यांपैकी एक अशीच, बहिणीचं उत्तर ऐकून मान डोलावणारी. वर्षभर मला वाटत होतं की दोघींनाही घड्याळ कळतं. कळत होतं एकीलाच.

मी आता एक करते. दोघींना एकच प्रश्न एका वेळी कधीच विचारत नाही. एक स्वयंपाकघरात, एक गच्चीत. वेळ जातो, पण दुसरा मार्ग मला सापडला नाही. लाल खुणांबद्दल मनाला लावून घेऊ नका. पाच महिन्यांत तुमच्या लक्षात आलं.

निवृत्त_मास्तर

पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता शाहूपुरीत असतो. आपली तळमळ दिसते म्हणूनच स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

आपण ज्या गावात राहता तिथं १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. जो पालक मूल शाळेत घालणार नाही त्याला महिना एक रुपया दंड. त्या काळचा एक रुपया. १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. दर २६ जूनला आपण दसरा चौकात त्यांच्या पुतळ्याला हार घालतो. शाळेत अक्षरं शिकवतात ती कुठंही शिकता येतील. पण कुणाच्या शेजारी बसायचं हे मुलाच्या किंवा आईबापाच्या मर्जीवर नसतं, ही गोष्ट शाळेतच मिळते. माझ्या वर्गात कारखानदाराचा मुलगा आणि ऊसतोड कामगाराचा मुलगा एका बाकावर बसले आहेत. घरात हा बाक कुठून आणणार?

वजाबाकीचं काय, ती येईल. शाळेतही निम्म्या मुलांची हीच चूक होते आणि आम्हीही ती उशिराच पकडतो. मला काळजी बाकाची आहे.

पेठेतली_आई

सर, राग अजिबात नाही. हा प्रश्न माझे सासरेही विचारायचे आणि याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. पेठेत असल्यामुळे गल्ली आहे, तालीम आहे, संध्याकाळी फुटबॉल आहे. मधला तिथं सगळ्या घरांतल्या पोरांबरोबर खेळतो. शनिवारी तिघांनाही करवीर नगर वाचन मंदिरात नेते. तिथं पुस्तकं बदलायला कोण कोण येतं हे मुलं बघतात. पण ते सगळं आम्ही निवडलेलं आहे, हे तुमचं म्हणणं मला पटतं. जी माणसं आम्ही निवडली नसती ती मुलांच्या आयुष्यात यावीत म्हणून काय करायचं, हे मी अजून शोधतेय. दंडाची गोष्ट मी मुलांना सांगितली आहे. थोरलीनं विचारलं होतं, "मग आपल्याला दंड बसला असता का?" मी म्हटलं, हो, बसला असता.

डोंगरातले_गुरुजी

ताई, मी शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पहिली ते चौथी, पट २३, शिक्षक दोन. सहकारी रजेवर किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. साठ पटापर्यंत दोनच शिक्षक हा निकषच आहे, त्यामुळे डोंगरातल्या बहुतेक शाळा अशाच चालतात. तुम्ही जे सोप्यात करताय ते आम्ही व्हरांड्यात करतो. आमच्यात याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. प्रशिक्षणं झाली, पुस्तिका मिळाल्या, पण खरं शिकलो ते चुका करून. जे उपयोगी पडलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे क्रम बदला. सकाळची पहिली वीस मिनिटं मधल्याला द्या. धाकटी पदर ओढून आपला वेळ वसूल करणारच, दिवसभर करेल. थोरली प्रश्न घेऊन येईल. न मागणाऱ्याचं पहिल्यांदा करायचं, कारण मागणाऱ्यांचं राहत नाही. मी वर्गात शांत पोरांना माझ्या खुर्चीजवळ बसवतो. नवे शिक्षक दंगेखोराला जवळ बसवतात. तो लांब बसला तरी त्याचा आवाज येतोच की.

त्या वीस मिनिटांत धाकटीचं काय, असं विचाराल. तिला असं काम द्या ज्यात तुमची गरज लागणार नाही आणि जे लवकर संपणार नाही. "अक्षर गिरव" हे काम पाच मिनिटांत संपतं आणि ती परत हजर. आमच्याकडे पहिलीची पोरं चिंचोके दहा-दहाच्या ढिगात लावतात, बियांच्या दोन जाती वेगळ्या करतात, वाळूच्या ताटात लिहितात, पुसतात, परत लिहितात. हात गुंतला की तोंड गप्प होतं. हे काम आदल्या रात्री मांडून ठेवायचं. सकाळी मांडायला गेलात की तुमची पाच मिनिटं गेली.

दुसरं, गणित तोंडानं करून घ्या. वहीतलं बरोबर उत्तर मला काही सांगत नाही. ५२ वजा ३७ त्यानं मोठ्यानं बोलत करायचं, तुम्ही भाकरी थापत ऐकायचं. कुठं अडखळतो तिथं कळतं. दिवसाला दोनच गणितं, पण बोलून. वीस गणितांचं पान देऊ नका. त्यात चूक वीस वेळा घोटली जाते.

तिसरं, हातच्याची वजाबाकी. पाटी आठ दिवस बंद ठेवा. दहा काड्यांचे गठ्ठे रबर लावून करा, सुट्ट्या काड्या वेगळ्या. त्याला ५२ मांडू द्या, पाच गठ्ठे आणि दोन काड्या. आता सांगा, सदतीस मला दे. तो तीन गठ्ठे देईल आणि सातासाठी अडेल. तिथं गप्प बसायचं. फार अवघड जातं, पण बोलायचं नाही. कधीतरी तो स्वतः एका गठ्ठ्याचं रबर काढेल. ते रबर त्यानंच काढलं पाहिजे. तुम्ही काढलंत तर परत पहिल्यापासून.

आणि एक सावधगिरी. घरात तीन मुलं असली की थोरलीला मास्तरीण करायचा मोह होतो. माझ्याकडे चौथीच्या पोरी पहिलीला वाचायला शिकवतात आणि उत्तम शिकवतात, त्यांचंही पक्कं होतं. पण रोज पंधरा मिनिटांच्या वर मी ते होऊ देत नाही. नाहीतर त्या मुलीचं स्वतःचं वर्ष धाकट्यांच्या मागं जातं, आणि घरातल्या मुलीच्या बाबतीत ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मास्तर, तुमचं बाकाचं म्हणणं मला पटतं. माझ्या वाडीवरची शाळा चालू राहावी म्हणून मी स्वतः दारोदार फिरतो. पण या ताईंच्या मधल्या मुलाला आज गठ्ठ्याचं रबर काढायचंय, म्हणून हे लिहिलं.

सांगलीचा_बाबा

गुरुजी, हे छापून भिंतीला लावतोय. आमच्याकडे दोनच आहेत (पाचवी आणि दुसरी), तरी पुरेवाट होते.

ताई, थोरली सहावीत आहे म्हणून कागदांचं विचारतो. पुढचा काही विचार केलाय का?

पेठेतली_आई

गुरुजी, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. थोरलीच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते घडायला लागलं होतं. धाकटीची बाराखडी तीच घेत होती आणि मी त्याचं कौतुक करत होते. आजपासून बंद केलं. पंधरा मिनिटं, तीही तिची इच्छा असेल तरच.

सांगलीचे दादा, आमचा विचार एनआयओएसचा, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाचा आहे. त्यांची दहावी वयाची १४ वर्षं झाली की देता येते. खालच्या पायऱ्यासुद्धा आहेत, अ, ब आणि क, म्हणजे अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या पातळीवर. बाहेरून दहावीला बसायचा जो सतरा नंबरचा फॉर्म असतो, त्याला आधीच्या शाळेचा दाखला मागतात. थोरलीकडे तो आहे, खालच्या दोघांकडे नाही, म्हणून तो रस्ता आम्ही धरलेला नाही. पुस्तकं बालभारतीचीच वापरतो. पीडीएफ फुकट मिळतात, पण मी छापील घेते. मुलांना पान दुमडायला लागतं.

परत_शाळेत

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. आम्ही तीन वर्षं घरी शिकवलं. नंतर सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि मला ते जमेना. दोघांना शाळेत घातलं. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायची तरतूद आहे, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीपासून बसवत नाहीत. आम्हाला एका ठिकाणी हेलपाटे घालावे लागले, दुसऱ्या ठिकाणी चार दिवसांत प्रवेश झाला. मुलगा महिनाभर रडला, मुलगी पहिल्या दिवसापासून खूश.

मला तेव्हा फार हरल्यासारखं वाटायचं. आता नाही वाटत. ज्या घरात आजारी माणूस आहे, पाळण्यात बाळ आहे, आई नोकरी करते, तिथं हे जमत नसेल तर त्या बाईनं स्वतःला दोष देऊ नये. तीन मुलांना घरी शिकवणं हे पूर्ण वेळाचं काम आहे, आणि ते घरातली सगळी कामं झाल्यावर उरलेल्या वेळात करायचं असतं.

इचलकरंजीकर_तिघी

शेवटचं वाक्य माझ्या मिस्टरांना वाचायला दिलं.

निवृत्त_मास्तर

गुरुजींनी काड्यांचं सांगितलं ते अगदी योग्य. एक भर घालतो. काड्यांनंतर लगेच आकड्यांवर येऊ नका. मधली पायरी पैशांची ठेवा, दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी. काडीचा गठ्ठा मोडला तरी त्यात त्याच काड्या दिसतात. दहाची नोट मोडताना ती द्यावी लागते आणि बदल्यात दहा नाणी घ्यावी लागतात. पाटीवर हातचा घेताना नेमकं हेच होतं. भाजीवाल्या मावशींपाशीच अडला होता ना, मग तिथूनच सुटू दे.

मुलाची प्रगती कळवत राहा.

पेठेतली_आई

पाच आठवड्यांनी लिहितेय. माफ करा. मध्ये पाऊस लागला, सासूबाईंचं दुखणं निघालं, आणि खरं तर सांगण्यासारखं काही घडेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे पहिली वीस मिनिटं मधल्याची केली. पहिले चार दिवस धाकटीनं घर डोक्यावर घेतलं. पाचव्या दिवशी तिला परातीत तांदूळ आणि हरभरे मिसळून दिले, सासूबाईंच्या पलंगाशेजारी बसवलं, आणि सासूबाईच तिच्याबरोबर निवडायला लागल्या. आता ती वेळ त्या दोघींचीच झालीय. निवडता निवडता त्या तिला त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगतात, ती ऐकते आणि मध्येच "म्हणजे काय?" विचारते. तिचं वाचन साडेनऊला सुरू झालं म्हणून काही बिघडलं नाही. मी उगाच घाबरत होते.

काड्यांचं मात्र आठ दिवसांत झालं नाही. रबर त्यानं तिसऱ्याच दिवशी काढलं. काड्या घेऊन ५२ वजा ३७ बरोबर पंधरा. पाटीवर परत पंचवीस. मी गप्प बसले, खूप वेळा जीभ चावून. मास्तरांनी सांगितलेले पैसे मांडले. तिथंही बरोबर. पाटीवर परत तेच. त्याच्या डोक्यात काड्या ही एक गोष्ट होती आणि आकडे ही दुसरी, आणि मध्ये दार नव्हतं.

मग जुलैत पाणी चढायला लागलं. कोल्हापूरच्या लोकांना सांगायला नको, त्या दिवसांत घराघरात एकच विषय, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला किती फूट झालं. ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका. २०१९ आणि २०२१ चं आम्ही पाहिलेलं आहे. माझ्या माहेरच्या घरात दोन्ही वेळेला पाणी शिरलं होतं, त्यामुळे तो आकडा आमच्याकडे नुसता आकडा नसतो. हे रोज सकाळ-संध्याकाळ पातळी सांगायचे आणि मी ती दाराच्या फळीवर खडूनं लिहायला लागले. म्हटलं, घाबरून बसण्यापेक्षा मोजू. धाकटी कालच्यापेक्षा जास्त की कमी ते सांगायची. थोरलीनं आलेखाच्या कागदावर रेघ ओढायला घेतली. आदल्या रात्री राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की रेघ कुठं वळेल याचा ती अंदाज करायची. मधल्याला काम दिलं, धोक्याला अजून किती बाकी ते सांगायचं.

पहिले दोन दिवस सरळ फुटांत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी फळीवर ३८ फूट ७ इंच. तो खडू घेऊन उभा राहिला. ४३ फूट, त्याखाली ३८ फूट ७ इंच. वर इंचाच्या जागी काहीच नाही, खाली सात. मी भाकरी थापत होते, गुरुजी, तुम्ही सांगितलं होतं तसंच. तो बोलत होता. "शून्यातनं सात... जात नाहीत." मग बराच वेळ काही नाही. भाकरी करपली, मी वळले नाही. मग म्हणाला, "एक फूट मोडायला पायजे. एका फुटात बारा इंच. बेचाळीस फूट राहिले आणि बारा इंच. बारातनं सात गेले पाच. बेचाळीसातनं अडतीस गेले चार. आई, चार फूट पाच इंच बाकी आहे!"

त्याला बारा इंच माहीत होते, कारण हे घरी टेप आणून त्याच्याकडून खिडक्या, दारं, पलंग सगळं मोजून घेतात. फूट मोडता येतो हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी काही बोलले नाही. त्यानंच पाटी आणली, त्यावर ५२ आणि खाली ३७ लिहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "इथं पण मोडायचं असतं काय? दहा मोडायचा?"

मी रडले. थोरली धावत आली, तिला वाटलं माहेरी पाणी आलं.

त्यानंतर पाणी उतरलं. यंदा माहेरचं घर वाचलं. तो रोजच्या रोज दोन गणितं तोंडानं करतो. तीन अंकी संख्येत मधे शून्य आलं की अजून अडतो, ५०२ वजा ३७ सारखं. तिथं शंभराची नोट मोडून दहा-दहाच्या करायच्या, मग त्यातली एक दहाची मोडायची, हे दोन टप्प्यांचं आहे. सध्या तिथं आहोत.

डोंगरातले_गुरुजी

ताई, आमच्याकडे नदी नाही, ओढा आहे. उद्या फूटपट्टी घेऊन तिसरीची पोरं तिथं नेतो. मधल्या शून्याला घाई करू नका, माझ्याकडे ते दिवाळीपर्यंत चालतं.

निवृत्त_मास्तर

वाचून फार समाधान वाटलं. बाकाचं माझं म्हणणं मागं घेत नाही. पण एक विचारतो. माझ्या घरी दर रविवारी सकाळी आजूबाजूच्या चाळींतली आणि वस्तीवरची दहा-बारा मुलं गणिताला येतात. पैसे घेत नाही. सगळ्या इयत्तांची आहेत, सगळ्या घरांतली आहेत. तुमच्या तिघांना पाठवाल का? कोण कुणाच्या शेजारी बसेल ते मी ठरवतो.

पेठेतली_आई

सर, येत्या रविवारी घेऊन येते. सतरंजी आणायला हवी का तेवढं कळवा.